रिकाम्या घराची बेल

घरं विकणाऱ्या माणसाला लग्नात कोणी सुखाने जेवू देत नाही. पहिला घास तोंडात जातो न जातो, तोच शेजारच्या पानावरून प्रश्न येतो, "ताई, फ्लॅट घ्यायचाय हो, कुठे घेऊ?" मी बिचारी मनापासून सल्ला देते. घर भर दुपारी बघा, सगळे नळ सोडून बघा, समोरच्या मोकळ्या प्लॉटवर काय येणार ते विचारा, आणि आवडलं त्याच दिवशी टोकन देऊ नका. सगळे माना डोलावतात आणि जिलबीकडे वळतात.

पण एखादा किस्सा काढला की जिलबी पानातच राहते! म्हणून हल्ली मी सल्ले देणंच सोडलं. किस्से सांगते. साठलेत इतके की एक वन रूम किचन सहज भरेल.

हे सगळं ऐंशीच्या दशकातलं. बोरिवली वेस्टला, पिठाच्या गिरणीला खेटून आमच्या एजन्सीचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक बाकडं आणि भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या रिकाम्या घरांच्या किल्ल्या. फोन गिरणीवाल्याचा. त्यामुळे आमचे सगळे सौदे अंगावर पीठ घेऊन झालेत!

माणसं तीन. मालक दादा परब, मालवणकडचे, चिडले की मालवणीत शिरणारे. दुसरा प्रकाश कांबळे, साताऱ्याकडचा, बी.कॉम., कागदपत्रांत पक्का आणि जिभेने तिखट. आणि तिसरी मी. घराचे पैसे नवरे मोजतात, पण घर पसंत बायका करतात, आणि बायका काही दादांशी मोकळं बोलायच्या नाहीत. म्हणून मला घेतलेलं.

दादांचा एक नियम होता. घर रिकामं असलं तरी आधी बेल वाजवायची. लाईट कापलेली असेल तर कडी वाजवायची. थोडं थांबायचं. मगच किल्ली लावायची.

कांबळे पहिल्याच आठवड्यात वैतागला. "दादा, किल्ली माझ्या हातात आहे. आत कोणी नाही. बेल कोणासाठी वाजवू? आम्ही भूतबित मानत नाही."

दादांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "मी तरी खंय मानतंय? बेल वाजय!"

* * *

घर बघायला जाताना घरातली म्हातारी सोबत न्यावी. तरुण माणसं टाइल्स बघतात, म्हातारी घर बघते.

मालाडचे एक कदम अंधेरी ईस्टचा फ्लॅट बघायला आले, सोबत त्यांची आई. फ्लॅट कितीतरी वर्षं बंद होता. बेल वाजवली, थांबलो, किल्ली लावली. आत फरशीवर धुळीचा थर, खिडक्यांना कोळिष्टकं. कदम हॉलमध्ये पावलं टाकून लांबी मोजत होते. मी बाल्कनीचं कौतुक करत होते, कारण कौतुक करण्यासारखी तेवढीच एक गोष्ट होती.

म्हातारी सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि तिथेच थबकली. पदर डोक्यावर घेतला. मग मागच्या मागे आली आणि लेकाचा हात धरला.

"बाबल्या, चल. नंतर येऊ."

"का गं आई? अजून किचन बघायचंय."

"चल म्हणते ना! माणसं जेवायला बसलीत. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे असं बघत राहू नये."

कदम हसले, आईला म्हणाले, तुला ऊन लागलंय. मी हसले नाही. खोटं कशाला बोलू, लसणीच्या फोडणीचा वास मलाही आला होता.

* * *

लाईटचा मीटर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एजंटवर विश्वास ठेवू नका. मी एजंट आहे म्हणून सांगते!

मुलुंडला एका जोडप्याला घर दाखवायला कांबळे गेला होता. दादांच्या धाकाने बेल दाबली. आत छान टिंगटाँग झालं. नवरा खूश. "वा! म्हणजे लाईट चालू आहे." कांबळेनं पण मान डोलावली. संध्याकाळच्या आत त्यांचं पक्कं झालं.

सामान घेऊन राहायला आले त्या दिवशी बाई तणतणत ऑफिसात हजर. "मीटर कुठाय आमचा? खाली पॅनेलवर नुसतं भोक आहे!" आम्ही चौकशी केली तर मीटर कधीचाच काढून नेलेला. शेजारी म्हणाले, या घरात गेली कित्येक वर्षं दिवा लागलेला नाही.

कांबळे इरेला पेटला. भूत मानत नाही ना! स्टूल घेऊन चढला, बेलचा डबा उघडला, वायर हाताने ओढत ओढत मागे गेला. वायर भिंतीतून बाहेर येऊन हवेत लोंबत होती. कशालाच जोडलेली नव्हती. खाली उतरला आणि हात झटकले. त्यानंतर बेल वाजवायची आठवण त्याला कधी करावी लागली नाही.

पुढे त्या घरात नवा मीटर बसला, पंखे लागले, टीव्ही आला. सगळं झकास चालू झालं. बेल तेवढी चालेना. तीन इलेक्ट्रिशियन झाले, पण ती पुन्हा वाजली नाही ती नाहीच.

* * *

आता कांबळेचं सांगते, कारण जगाला घरं दाखवणाऱ्या या पोराला स्वतःचं घर नव्हतं.

विक्रोळीला भावाच्या एका खोलीत पडदा लावून तो आणि त्याची बायको सुशीला राहायचे. पडद्याच्या अलीकडे भावाची मुलं अभ्यास करायची, पलीकडे ही दोघं कुजबुजत बोलायची. त्यात सुशीलाला दिवस गेले. ती मला म्हणाली, "ताई, मोठं घर नको. बाळ येईल तेव्हा बंद करायला आपलं एक दार असलं की झालं." बँकेचं कर्ज मंजूर झालेलं. फक्त घर मिळायचं होतं. आणि आमच्या भिंतीवर तर किल्ल्याच किल्ल्या!

कांदिवलीला एक फ्लॅट त्याला आवडला. सोसायटीची ना हरकत लागते, म्हणून सेक्रेटरीला भेटायला आम्ही दोघं गेलो. सेक्रेटरी एकदम गोड माणूस. गच्ची दाखवली, बाग दाखवली. "आणि पाणी तर विचारूच नका, चोवीस तास! बरं, तुमचं पूर्ण नाव काय म्हणालात?"

"प्रकाश कांबळे."

"अच्छा." त्याने चहाचा कप खाली ठेवला. "त्याचं काय आहे, कांबळे... आमच्याकडे पाण्याचा जरा प्रॉब्लेम आहे."

रिक्षात बसल्यावर कांबळे म्हणाला, "बघितलं ताई? माझं आडनाव ऐकलं की नळ कोरडे पडतात!" आणि खदाखदा हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दादांना सांगितलं, तर त्यांनी त्या सोसायटीतल्या सगळ्या किल्ल्या खिळ्यावरून काढल्या आणि मालकांना परत करून टाकल्या. धंद्याची वाट लागली तरी चालेल म्हणाले.

पण तेवढ्याने कांबळेला घर थोडंच मिळत होतं?

* * *

समोर मोकळा प्लॉट असेल तर भुलू नका. आज हवा, उद्या भिंत.

घाटकोपरला एका शहांना आम्ही चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट दिला होता. समोर मोकळं मैदान. त्यांचे वडील थकलेले, दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. मी काही कागद द्यायला गेले, तर म्हातारबुवा समोर बघून हात हलवत होते.

"कोणाला हात करताय बापूजी?"

"समोरवाल्याला. चांगला माणूस आहे. दुपारी चहा घेऊन खिडकीत येतो."

समोर नुसतं आकाश आणि दोन घारी. सून मला बाजूला घेऊन म्हणाली, "बोलू द्या हो, त्यांचा वेळ जातो." त्याच वर्षी म्हातारबुवा गेले.

मग त्या मैदानात बिल्डिंग उठली. शहांनी मला यथेच्छ शिव्या दिल्या, त्या मी ऐकून घेतल्या. समोरच्या चौथ्या मजल्यावर एक साठे राहायला आले. तो फ्लॅटही आमच्याचकडून गेलेला, म्हणून मी सत्यनारायणाला गेले होते. साठे साधा माणूस. प्रसाद हातावर ठेवताना म्हणाले, "ताई, शेजार चांगला मिळाला हं. समोरचे आजोबा काय प्रेमळ! मी चहा घेऊन खिडकीत आलो की रोज हात करतात."

* * *

गुंतवणुकीसाठी जमीन घेणाऱ्यांना एवढंच सांगते, गोराईकडची जमीन भरतीच्या वेळी बघा. ओहोटीला सगळीच जमीन झकास दिसते.

एका डॉक्टरला फार्महाऊस बांधायचं होतं. फेरीने खाडी ओलांडून दादा, मी आणि डॉक्टर गेलो. दाखवणारा मालक म्हणाला होता, नारळाच्या झाडांपर्यंत तुमचं. आम्ही पोचलो तेव्हा भरती होती आणि नारळाच्या झाडांपर्यंत पाणी होतं! दादांनी मालकाचा मालवणीत उद्धार केला आणि आम्ही परत फिरलो.

वाटेत एक म्हातारी मासे वाळत घालत होती. डॉक्टरकडे बघून म्हणाली, "परत आलात? काल किती हाका मारल्या तुम्हाला, वळून पण बघितलं नाही."

"मी? मी आज पहिल्यांदा येतोय."

"हेच कपडे होते की. पॅन्ट वर दुमडून पाण्यात आत आत चालत गेलात. मी म्हटलं, मेला हा माणूस."

 डॉक्टरने दोन्ही हातांनी दादांचा दंड धरला तो बोरिवलीच्या धक्क्याला फेरी लागेपर्यंत सोडला नाही. जमीन घ्यायचं नाव त्याने परत काढलं नाही. पोहायला मात्र शिकला म्हणे.

* * *

कांबळेसाठी दुसरं घर बघायला गेलो तेव्हा सुशीलापण आली होती. दहिसरला. सातवा महिना, मे महिन्याचं ऊन, दोन जिने चढून वर आलेली. घरमालकीणबाई बघताक्षणी कळवळली. "अगं बाई, अशा अवस्थेत चढलीस? बस बस. पंखा मोठा करा हो! पाणी आणते." आणि आत गेली.

नवऱ्याने विचारलं, "आडनाव काय आपलं?" कांबळेनं सांगितलं.

नवरा उठून आत गेला. आत कुजबूज झाली. मग तो एकटाच बाहेर आला आणि म्हणाला, आमचा विचार बदलला, आत्ताच विकायचं नाही म्हणतोय. आम्ही उठलो. पाणी आणायला गेलेली बाई बाहेर आलीच नाही.

त्या दिवशी कांबळे विनोद करायचा विसरला. सुशीला जिन्यात कठड्याला धरून बसली आणि म्हणाली, "घर राहू दे हो. पण पाणी तर द्यायचं." मी तिच्याकडे बघू शकले नाही. रडले मी तिथेच, घळाघळा. राग यायला हवा होता, पण रडूच आलं.

* * *

दुसऱ्या दिवशी कांबळे ऑफिसात आला तो भिंतीसमोर उभा राहिला. सगळ्यात शेवटच्या खिळ्यावर एक गंजकी किल्ली होती. "दादा, ते चारकोपचं घर दाखवा मला."

"तां नको," दादा म्हणाले.

ते घर मला माहीत होतं. चारकोपच्या एका सेक्टरमधलं बैठं घर. तिथे एक रिटायर्ड नर्सबाई एकट्याच राहायच्या, तिथेच वारल्या. पुतण्या वापीला. तो म्हणाला, कोणालाही द्या, माझ्या डोक्याची कटकट जाऊ दे. तिथे अजून सोसायटी झालेली नव्हती, म्हणजे नाव विचारायला सेक्रेटरीही नव्हता. तरी ते घर कोणी घेत नव्हतं. कारण कडी वाजवली की आतून विचारणा व्हायची, "कोण?"

एवढंच. बाईमाणसाचा आवाज, दुपारच्या झोपेतून उठल्यासारखा. मी ऐकलाय. बँकेचे साहेब, मारवाडी व्यापारी, पोलिसातले एक जमादार, सगळे त्या "कोण?"वर चपला हातात घेऊन पळालेले. उत्तर द्यायला कोणी थांबलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

दादा त्या दिवशी पहिल्यांदा त्या बेलच्या नियमाबद्दल बोलले. "अरे मेल्या, बेल कित्याक वाजवूक सांगतंय मी? उत्तर नाही आलं तर घर आपलं. उत्तर आलं तर मागे फिरायचं. त्या घरात कोणतरी आसा."

"असू दे," कांबळे म्हणाला. "पाण्याचा प्रॉब्लेम आहे का तिथे?"

 दादांनी किल्ली काढली, दाराचं लॅच गंजलेलं म्हणून खिशात एक कुलूप टाकलं आणि म्हणाले, "चल."

सुशीला हट्टाने आली. आम्ही चौघं भर दुपारी त्या दारात उभे. रस्त्यावर चिटपाखरू नाही. लाईट कापलेली, म्हणून दादांनी कडी वाजवली. 

"कोण?"

माझे पाय मागे सरकले. दादांच्या हातातली किल्ली खाली पडली. कांबळे तेवढा हलला नाही. ताठ उभा राहिला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "मी कांबळे. प्रकाश तुकाराम कांबळे. ही माझी बायको, सुशीला. घर बघायला आलोय."

आत शांत. काहीच नाही. बराच वेळ गेला. सुशीलाने त्याचा हात धरला. कांबळे माझ्याकडे वळून कसंनुसं हसला आणि हळूच म्हणाला, "आता पाण्याचा प्रॉब्लेम निघतो बघा."

तेवढ्यात आतली कडी निघाल्याचा आवाज झाला.

"या ना. उन्हाचे आलात. पाणी आत्ताच भरून ठेवलंय."

दार आपसूक उघडलं. आत कोणी नव्हतं. फरशीवर धुळीचा थर, त्यावर एकही पाऊल उमटलेलं नाही. खिडक्या बंद, कॅलेंडर जुनं, कोपऱ्यात लोखंडी खाट. आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर लखलखीत घासलेला तांब्या, काठोकाठ भरलेला. शेजारी फुलपात्रं मांडलेली. चार.

दादांनी डोळे मिटून हात जोडले. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. कांबळे धूळ तुडवत आत गेला, फुलपात्र भरलं आणि पहिलं सुशीलाला दिलं. ती एका दमात प्याली. मग तो प्याला. मग मला हाक मारली. मीही प्याले, दादाही प्याले. थंडगार होतं, माठातल्यासारखं.

सुशीलाने चारही फुलपात्रं विसळली, ओट्यावर पालथी घातली. पदराने खाटेवरची धूळ झटकली आणि तिच्यावर बसून पाय लांब केले. म्हणाली, "हेच घ्यायचं."

निघताना दादांनी सवयीने दार ओढून घेतलं आणि खिशातून कुलूप काढलं. सुशीला मागे वळली.

"अहो दादा, कुलूप कशाला? घरात माणूस आहे ना!"